पोटावरची रेघ

दिवाळीच्या दिवसांत पोटाचा विषय निघतो तो बहुधा चकलीच्या खुसखुशीतपणावरून किंवा अनारसे तुपात हसले की काय यावरून. मी मात्र फराळाच्या ताटाशेजारी आतड्याची गोष्ट घेऊन बसणार आहे. घरात हे सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "लोक खाता खाता वाचतील, थोडी तरी शोभा राखा," असे बजावून त्या करंज्यांकडे वळल्या. त्यांची सूचना मी शक्य तितकी पाळीन. परंतु ज्या विषयाची शोभा राखावी म्हणून सगळे गप्प बसतात त्याचा इतिहास मागे उरत नाही, आणि ज्याची हयात इतिहास शिकविण्यात गेली त्याला ही गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही.

माझ्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, एक उभी रेघ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके आहेत, गोमेच्या पायांसारखे. गिरगावातल्या आमच्या वाडीतली पोरे तिला आगगाडीचा रूळ म्हणत, आणि उन्हाळ्यात आम्ही गॅलरीत उघडे निजलो की तिच्यावरून बोटांची गाडी नेत. ही रेघ पडली तेव्हा ती चार बोटे लांब होती असे आई सांगे. मी वाढलो तशी तीही वाढली. आज ती चांगली सात इंच भरते.

गोष्ट १९५९ सालच्या जून महिन्यातली. मी आठ महिन्यांचा आणि अंगाने गुटगुटीत होतो. दुपारी पाळण्यात खेळता खेळता मी एकाएकी किंचाळलो, पाय पोटाशी घेतले, पांढराफटक पडलो, आणि पाच मिनिटांनी काही झालेच नाही असा हसू लागलो. पाव तासाने पुन्हा तेच. आजीने बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीने शेकले, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आजीला मी दोष देत नाही. मधल्या पाव तासात मूल हसत असले तर शहाणा माणूसही फसेल. रात्री दुपट्यावर रक्तमिश्रित आव दिसली तेव्हा कोठे सगळ्यांचे धाबे दणाणले. इंग्रजी वैद्यकग्रंथ या खुणेला करंट नावाच्या फळाच्या जेलीची उपमा देतात. ते फळ आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. आई कोकणातली, ती म्हणे, "कोकमाच्या आगळासारखं." मी पुढे दोन्ही वर्णने ताडून पाहिली; आईची उपमा अधिक नेमकी आहे. दादा छत्रीसुद्धा न घेता भर पावसात व्हिक्टोरिया आणायला धावले.

झाले होते ते असे. लहान आतड्याचे शेवटचे टोक मोठ्या आतड्यात शिरले होते, दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसे. आतड्याचा स्वभावच पुढे ढकलण्याचा. त्यामुळे शिरलेला भाग आणखी आत ओढला जातो, त्याचे रक्त अडते, तो सुजतो आणि शेवटी काळा पडतो. पहाटे मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात माझे पोट उघडले, काळे पडलेले आतडे कापून टाकले, आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडून पोट शिवले. डॉक्टरसाहेबांनी बाहेर येऊन दादांना हातानेच दाखविले : "एवढं काढलं. मुलगा वाचेल."

'एवढं' म्हणजे केवढे? दादांनी घरी येऊन आजीला दाखविले तेव्हा ते वीतभर होते. आत्याने शेजारी सांगितले तेव्हा ते हातभर झाले. माझ्या मुंजीपर्यंत ते दीड हातावर गेले होते, आणि जेवायला बसलेल्या भटजींनी घास हातात तसाच धरून ती हकीगत ऐकल्याचे मला आठवते. बखरकार सैन्याचे आकडे कसे फुगवितात ते मुलांना शिकविताना मला पुढे नेहमी आत्याची आठवण होई.

असो. आता माझ्यासारख्यांचा इतिहास कोठून धरावा? आपल्याकडे सुश्रुतापासून धरण्याची चाल आहे, आणि येथे ती वावगी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अडलेल्या आतड्यासाठी पोट उघडण्याचा विधी सांगितला आहे. बेंबीखाली डाव्या अंगाला छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, अडथळा दूर करावा, मध-तूप लावून ते पुन्हा जागी ठेवावे आणि पोट शिवावे. आतड्याला भोक असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे डसवावेत, आणि डसले की त्यांची धडे तोडून डोकी तेवढी राहू द्यावीत. टाके घालण्याची ही युक्ती वाचून आमच्या वर्गातली मुले अंग शहारून घेत आणि मग मधल्या सुट्टीत मुंगळे शोधत. परंतु हा विधी तान्ह्या मुलांसाठी सांगितलेला नाही. आणि तो किती जणांवर झाला व त्यांतले किती उठून घरी गेले याचा हिशेबही त्यात नाही. अभिमान बाळगावा, पण हिशेब मागण्याची सवय सोडू नये.

तान्ह्या मुलाच्या आतड्यावर शस्त्र चालवून मूल जगल्याची जी जुनी हकीगत मला विशेष भावली, ती फ्रान्समधली आहे. १७१० साली पॅरिसच्या लित्र नावाच्या वैद्याने सहा दिवसांच्या एका मृत बालकाचे शव तपासले. त्या बालकाच्या आतड्याला खाली वाटच नव्हती. लित्रने लिहून ठेवले की अशा वेळी आतडे पोटाच्या भिंतीशी आणून तेथेच त्याला तोंड द्यावे. कल्पना कागदावर राहिली. मग १७९३ साल उजाडले, म्हणजे ज्या वर्षी फ्रेंचांनी आपल्या राजाचे डोके उडविले ते साल. ब्रेस्त या बंदरात दुरे नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याच्याकडे तीन दिवसांचे बालक आणले गेले. शौचाची वाट जन्मतःच बंद, पोट फुगलेले, प्राण कंठाशी. दुरेने सहकाऱ्यांचा सल्ला घेतला, आधी एका मृत बालकावर हात बसवून पाहिला, आणि मग या जिवंत बालकाच्या डाव्या जांघेच्या वर छेद घेऊन आतडे बाहेर आणले. ते पुन्हा आत सरकू नये म्हणून त्याने त्याखालून मेणाचे दोरे ओवले. गुंगीचे औषध नाही, जंतूंचे ज्ञान नाही, आणि बाहेर राज्यक्रांतीचा धुमाकूळ. बालक जगले. ते पंचेचाळीस वर्षे जगले.

शस्त्रक्रियेचे इतिहासग्रंथ येथे विजयाने थांबतात. मी मात्र याच वाक्याशी अडखळतो. मेणाच्या दोऱ्यांची हकीगत आपल्याला मिळते. पंचेचाळीस वर्षे एका वाक्यात उरकतात. पोटावरच्या तोंडातून अहोरात्र पाझरणारे ते शरीर घेऊन तो माणूस शेतात कसा राबला? आजच्यासारख्या चिकटविण्याच्या पिशव्या तेव्हा नव्हत्या. मग तो काय बांधत असेल? जत्रेत जात असेल का? देवळात लोक त्याच्याशेजारी बसत असतील का? मला या प्रश्नांत केवळ कुतूहल नाही. त्याचे कारण पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्म आला आणि शस्त्रवैद्यांना उसंत मिळाली. माझ्या आजारावर बालकाचे पोट उघडून यश मिळविण्याचा मान लंडनच्या जोनाथन हचिन्सनकडे जातो. १८७१ साली त्याने दोन वर्षांच्या एका मुलीचे अडकलेले आतडे हाताने अलगद मागे ओढून मोकळे केले, आणि ती बरी झाली. तिचे आतडे मेलेले नव्हते हे तिचे भाग्य. तेच काळे पडले असते तर कापावे लागले असते, आणि त्या दिवसांत आतडे कापलेले तान्हे मूल जगणे म्हणजे नवलच.

त्याच सुमारास कोपनहेगनला एक विक्षिप्त आणि मोठा भला वैद्य होऊन गेला. त्याचे नाव हाराल्ड हिर्शस्प्रुंग. बापाचा तंबाखूचा भरभराटीचा कारखाना. धाकट्या भावाने त्या पैशातून चित्रे जमविली, आणि त्यांचे संग्रहालय कोपनहेगनमध्ये आजही आहे. हाराल्डने मात्र मुलांची पोटे जमविली, असे म्हटले तरी चालेल. राणी लुईझेच्या नावाने उभ्या राहिलेल्या बालरुग्णालयाचा तो प्रमुख झाला. राणीची इच्छा होती की मुलांच्या खाटांवर बायबलमधील वचने लावावीत. याने लावली प्राण्यांची चित्रे. राणी रुसली आणि पुन्हा इस्पितळात पाऊल ठेवीनाशी झाली, असे सांगतात. आजारी पोराला वचनापेक्षा हत्ती बरा, हे ज्याला कळले त्याच्याविषयी माझ्या मनात पहिल्यापासून ममता आहे. त्यात त्याचे माझ्यावर थेट ऋणही आहे. आतड्यात शिरलेले आतडे, खालून पाणी चढवून, त्याच्या दाबाने मागे सारण्याची पद्धत त्याने चिकाटीने वापरली. १९०५ साली त्याने शंभरांवर बालकांचा हिशेब मांडला. त्यांतली सुमारे एकतृतीयांश दगावली होती. आज हा आकडा भयंकर वाटेल. त्या काळी दोनतृतीयांश वाचली, हीच बातमी होती. आज हेच काम क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या देखरेखीखाली हवेने अथवा पाण्याने करतात, आणि वेळेवर आणलेल्या बहुतेक मुलांच्या पोटावर रेघ पडतच नाही.

परंतु हिर्शस्प्रुंगचे नाव चिकटले ते दुसऱ्याच आजाराला. १८८६ साली बर्लिनच्या सभेत त्याने दोन बालकांची कथा सांगितली. दोघांनाही जन्मापासून शौचाला होत नसे, दोघेही वर्षाच्या आत गेले, आणि शवात मोठे आतडे फुग्यासारखे ताणलेले आढळले. फुगलेले आतडेच रोगी, असा त्याचा समज झाला. तो चुकीचा होता. पुढे कितीतरी वर्षे शस्त्रवैद्य तो फुगलेला भाग कापीत राहिले आणि मुले पुन्हा आजारी पडत राहिली. खरा दोष होता त्याच्या खालच्या, दिसायला साध्यासुध्या, अरुंद तुकड्यात. आतड्याला हलविणाऱ्या मज्जापेशी तेथे जन्मतःच नव्हत्या. त्यामुळे तो तुकडा कधी सैल होतच नसे, आणि वरचे निरोगी आतडे बिचारे ढकलून ढकलून फुगे. बोस्टनच्या ऑर्वर स्वेन्सनने पाहिले की अशा मुलांच्या पोटावर आतड्याला तात्पुरते तोंड दिले की ती टवटवीत होतात, आणि ते बंद करून जुनी वाट चालू केली की पुन्हा कोमेजतात. यावरून त्याने ताडले की चोर खाली आहे. १९४८ साली त्याने व त्याचा सहकारी बिल याने तो अरुंद तुकडा काढून वरचे चांगले आतडे खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ज्या आजारात मुले हटकून जात त्या आजारातून ती शाळेत जाऊ लागली.

स्वेन्सनचे मला कौतुक आहे ते त्याच्या कात्रीपेक्षा त्याच्या वहीसाठी. १९७५ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांचा पाठपुरावा छापला. शस्त्रक्रिया झालेली मुले पुढे मोठी होऊन कशी आहेत, कोणाला कपडे खराब होण्याचा त्रास राहिला, कोणाला आतड्याची सूज पुन्हा पुन्हा आली, हे त्याने विचारले. हा गृहस्थ स्वतः एकशे तीन वर्षे जगून २०१२ साली वारला. आपण ज्यांना तान्हेपणी कापले ते पेन्शनीत निघालेले त्याला पाहावयास मिळाले असणार.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकाळच्या तक्रारी जगणाऱ्याच्याच वाट्याला येतात. हचिन्सनच्या काळात त्या जवळजवळ नव्हत्या, कारण मुले तेवढी जगतच नव्हती. १९६७ सालपर्यंत, ज्या बालकाचे जवळजवळ सगळे लहान आतडे गेले त्याच्यासाठी काहीच करता येत नसे. त्या सुमारास फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डड्रिकने कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून अन्न देऊन वाढवून दाखविली, आणि मग आतड्यावाचून जन्मल्यासारख्या एका बालिकेला तसेच पोसले. ती दोन वर्षांच्या आतच गेली. पण तिच्यामागून आलेली हजारो मुले जगली, आणि त्यांच्या बरोबर यकृताचे, शिरांचे, वाढीचे नवे प्रश्न आले. डॉक्टरांना त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. फक्त ते विचारले मात्र पाहिजेत.

मला कोणी विचारले नाही. टाके निघाले, आईने नवस फेडला, आणि प्रकरण मिटले. आमच्या देशात मुलांच्या शस्त्रवैद्यांची स्वतंत्र संघटनाच मुळी १९६५ साली उभी राहिली. तेव्हा माझे पोट उघडणारे डॉक्टरसाहेब मोठ्यांची पोटे उघडणारेच असावेत. त्यांनी मला वाचविले, आणि त्यांच्या नावाने मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

पण माझे पोट 'नाजूक' राहिले. दिवाळीत चार चकल्या आणि एक करंजी खाल्ली की मला वाडीच्या टोकाकडे धाव घ्यावी लागे. तेथे पाच खोल्यांमागे एक अशी व्यवस्था, आणि सकाळी टमरेल घेतलेल्यांची रांग. मी रांगेत पुढे घुसतो म्हणून शेजारचे अप्पा ओरडत. एकदा मी रांगेतच हरलो. त्या दिवशी मी नऊ वर्षांचा होतो. नव्या सुती विजारीचा रंगही मला आठवतो, पण सौभाग्यवतींना दिलेला शब्द पाळून येथेच थांबतो. घरात निदान ठरलेले होते : पोराला तळलेले सोसत नाही. त्यामागचे यंत्र मला पन्नाशीच्या आसपास कळले. यकृतातले पित्त तुपातेलाला पचविते, आणि काम झाले की लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग ते शोषून परत यकृताकडे धाडतो. तो भाग नसेल तर पित्त पुढे मोठ्या आतड्यात जाते, तेथे चुरचुरते आणि पाणी सोडविते. पित्ताला धरून ठेवणारी एक पूड मिळते. ती मी आता घेतो. चाळीस दिवाळ्या त्या पुडीवाचून गेल्या.

मॅट्रिकच्या वर्षी दुसरा धक्का बसला. पोट एकदा उघडले की आतली आतडी बरी होताना एकमेकांना नाही तर पोटाच्या भिंतीला चिकटतात, आणि अशा चिकटलेल्या पट्ट्याखाली आतड्याचा वेढा कधीही अडकू शकतो. दहा दिवसांनी, नाही तर तीस वर्षांनी. माझा सतराव्या वर्षी अडकला. नाकातून नळी, शिरेतून सलाइन आणि तीन दिवस पाण्याचा थेंब नाही, एवढ्यावर तो सुटला. परीक्षा बुडाली. मुलगा परीक्षेला भिऊन पोट धरून बसला, असे वाडीत काही जणांचे मत पडले.

आणि मग २००४ साल. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. दुरेच्या त्या मुलाचे वय तेव्हा मला ठाऊकही नव्हते. पुण्यात मास्तरकी चालू होती. पायांच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरपणा आला. चप्पल पायातून निसटून मागे राही आणि मी दहा पावले तसाच चालत जाई. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. बेसिन धरून उभा राहू लागलो. मधुमेह नव्हता. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. एका डॉक्टरांनी विचारले, "शाकाहारी का?" होय म्हणताच त्यांनी मान डोलावली. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. पुण्यात शाकाहारी माणसांत ही उणीव इतकी आढळते की प्रश्न तेथेच संपतो. साध्या गोळ्या सहा महिने घेतल्या. पायांची बधिरता घोट्यांवर चढली.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला तपासण्याच्या टेबलावर आडवे केले आणि सदरा वर केला. "काका, ही रेघ कशाची?"

"लहानपणचं ऑपरेशन."

"कशाचं? काय काढलं होतं? कुठला भाग?"

सत्तेचाळीस वर्षांच्या उंबरठ्यावर मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाला स्वतःच्या पोटाचा इतिहास सांगता येईना.

मी साधने शोधू लागलो. इस्पितळात गेलो. कारकून सौजन्याने वागला. इतकी जुनी कागदपत्रे ठेवीत नाहीत, असे त्याने सांगितले, आणि चहा पाजला. दादा १९९१ सालीच गेले होते. आत्या आता 'दोन हात' म्हणत होती. राहिली आई. ती सत्तरीची होती, पण तिची साक्ष मला पहिल्यापासून भरवशाची वाटे, कारण ती आकडे सांगतच नसे. तिला लांबी आठवत नव्हती. तिला एकच वाक्य आठवत होते : "डॉक्टर म्हणाले होते, बाई, आता याला जन्मात कधी अपेंडिक्स व्हायचं नाही."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि डॉक्टरीणबाईंना दाखविले. त्या एकदम ताठ बसल्या. आंत्रपुच्छ लोंबते ते लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात त्या कोपऱ्याला. मुलगा मरणाच्या दारात असताना कोणी हौसेने आंत्रपुच्छ काढीत बसत नाही. ते गेले याचा अर्थ तो कोपराच गेला, आणि त्याच्याबरोबर लहान आतड्याचा शेवट. पुढे दुर्बीण घालून पाहिले तेव्हा तो जुना जोड तेथे दिसलाही. लिखित साधन नष्ट झाले असता मौखिक परंपरेवरून निष्कर्ष काढल्याचे इतके चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिले नव्हते.

ब-१२ ची तऱ्हा मोठी गमतीची आहे. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी प्राणघातक पंडुरोगावर यकृत खाऊ घालून रोगी वाचविले. त्यांना व व्हिपलला १९३४ साली नोबेल मिळाले. यकृतातले ते लाल द्रव्य १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात जवळजवळ एकाच वेळी वेगळे काढले गेले. स्वेन्सनची शस्त्रक्रियाही त्याच सालची. पोटाच्या इतिहासात १९४८ ला मान द्यावा लागेल. हे द्रव्य अन्नातून आले की जठरातला एक वाटाड्या त्याला सोबत घेतो, आणि दोघे लहान आतड्याची सगळी लांबी ओलांडून अगदी शेवटच्या भागात शोषले जातात. वाटेतल्या एकाही स्थानकावर न उतरता थेट शेवटच्या स्थानकावर उतरणारा उतारूच म्हणा. माझे शेवटचे स्थानक कापले गेले होते. थोडेबहुत रुळाकडेला उतरत असेल आणि दुधादह्यातून तेवढे भागत असेल. यकृतातली शिल्लकही पुष्कळ दिवस पुरते. त्यामुळेच हा आजार इतक्या उशिरा आणि इतक्या चोरपावलांनी येतो. हे शेवटचे स्थानक नेमके कोणते, ते लंडनच्या बूथ आणि मॉलिन यांनी दाखवून दिले, आणि त्यांचा लेख प्रसिद्ध झाला तो १९५९ साली. माझे डॉक्टरसाहेब तो भाग बादलीत टाकीत होते त्याच वर्षी! त्यांना दोष कोण देईल? पण १९७४ साली इंग्लंडच्या वाल्मन आणि रॉबर्ट्स यांनी, तान्हेपणी आतड्याचा हा भाग काढलेल्या मुलांची तपासणी करून त्यांच्या ब-१२ शोषणाचा प्रश्न मांडला होता. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि रांगेत पुढे घुसत होतो. एखाद्या कागदावर एक ओळ असती तर पुढची तीस वर्षे कोणीतरी वर्षाकाठी माझे रक्त पाहिले असते.

तेव्हापासून मी महिन्याला एक सुई टोचून घेतो. लाल रंगाचे औषध, जास्वंदीच्या पाण्यासारखे. बधिरता घोट्यांवरून उतरून बोटांवर येऊन थांबली, आणि तेथे ती राहणार असे सांगतात. मज्जातंतूंना फार दिवस उपाशी ठेवले की ते सगळे परत येत नाहीत. मी पट्ट्याच्या चपला वापरतो. अंधारात जिना उतरताना कठडा सोडत नाही.

गेल्या पावसाळ्यात सांगलीला भाचीला मुलगा झाला. जन्मतःच त्याच्या लहान आतड्याचा एक भाग बंद होता. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, आणि तीन आठवड्यांनी मायलेक घरी आले. मी फोन केला. मूल दूध पिते, वजन धरते, सगळे आनंदात आहेत असे ती म्हणाली. मी म्हटले, "इस्पितळाचा कागद काढ."

"मामा, आता सगळं छान आहे. कागद कशाला?"

"काढ तर खरं. आणि वाच."

पिशवीत हात घातल्याचा आवाज आला, मागे बाळ कुरकुरले. मग ती अडखळत इंग्रजी शब्द वाचू लागली. कोणता भाग काढला. शेवटचा नव्हे, मधला. कोपरा आणि त्यातली झडप राखली. काढलेल्या आतड्याची लांबी बावीस सेंटिमीटर. मी तिला तेच दोनदा वाचायला लावले, आणि तो कागद जन्मदाखल्याबरोबर ठेव, त्याच्या दोन नकला काढ, एक मला पाठव, असे सांगितले. ती हसली, पण तिने पाठविली.

सौभाग्यवती शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली, पलंगावर पसरली, आणि बावीसच्या आकड्यावर करंगळी टेकवून अंगठा ताणला.

"वीतभर," त्या म्हणाल्या.